वडिलांसाठी गाणी ऐकायला काय घेऊ? (बजेट २५००, गाणीही सुचवा)

नऊ_बावन्नची_लोकल
नमस्कार मंडळी. आजवर वाचनमात्र होतो, पहिलाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

बाबा मिरजेला एकटे असतात, वय ७८. आई गेल्यापासून घरात आवाज म्हणून नाही. मी डोंबिवलीत, महिना-दीड महिन्यातून एक फेरी होते. त्यांना नाट्यसंगीत, अभंग, थोडंफार शास्त्रीय आवडतं. घरातला टू-इन-वन आणि दोनेकशे कॅसेटी २०१९ च्या पुरात गेल्या, त्यानंतर त्यांनी विषयच काढला नाही.

अटी अशा. स्मार्टफोन नको. तीनदा शिकवून झालं, गाणं लावायला जातात आणि मला ऑफिसात व्हिडिओ कॉल लागतो. घरी वाय-फाय नाही. डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे बटणं मोठी हवीत. ऐकायलाही जरा कमी येतं. आणि २५०० च्या वर अजिबात नको. परवडत नाही असं नाही, पण किंमत कळली की बाबा वस्तू परत पाठवतात. मिक्सर परत पाठवलाय.

गाण्यातलं मला ओ की ठो कळत नाही. मी जे ऐकतो ते बाबांच्या मते भांडी पडल्याचा आवाज. तेव्हा यादीही द्या.

कोथरूडची_माऊ
वाचतेय. मलाही सासूबाईंसाठी हवंय.

सान_होजेचा_सदू
बजेट थोडं वाढवा असं सुचवेन. आम्ही आईसाठी आवाजावर चालणारा स्पीकर पाठवला, भारतात साधारण १८ हजारांना पडेल. बटण वगैरे भानगडच नाही, नुसतं नाव घ्यायचं, गाणं लागतं. आवाज असा की डोळे मिटले तर गायक समोर बसलाय. वस्तू एकदाच घ्यायची ती चांगली घ्यावी या मताचा मी आहे.

नऊ_बावन्नची_लोकल
सदूभाऊ, धन्यवाद. पण वाय-फाय नाही हो.

सान_होजेचा_सदू
मग वाय-फाय घेऊन टाका, आता कितीसं लागतं. बाबांच्या तब्येतीवर लक्ष ठेवायला कॅमेराही बसवता येईल.

टेप_रेकॉर्डर
सदूशेठ, हा तुमचा नाव घेतल्यावर गाणारा प्रकार आमच्या सासऱ्यांकडे आहे. त्यांनी सांगितलं, "बालगंधर्व लाव." त्याने बालगंधर्व रंगमंदिरापर्यंतचा रस्ता सांगितला.

माळकौंस
यंत्र कुठलंही घ्या, आधी काय ऐकवायचं ते ठरवा. कुमार गंधर्व. दुसरं नाव नाही. सुळेभावीत १९२४ साली जन्मलेला हा माणूस, क्षयाने एक फुप्फुस निकामी झालं, देवासला अंथरुणावर पडून माळव्यातली लोकगीतं ऐकली आणि उठल्यावर जे गायला त्याला तोड नाही. निर्गुणी भजनांनी (कबीरासारख्या संतांची, निराकार देवाची) सुरुवात करा. रोज पहाटे एक. आठवड्याने बाबांचा चेहरा बघा.

वाफाळता_चहा
७८ वर्षांच्या एकट्या माणसाला पहाटे पहाटे निर्गुणी भजनं? आधीच घर रिकामं आहे. भीमसेनजींचे अभंग द्या, राम फाटकांच्या चाली. घर भरून जातं. आमच्याकडे ती कॅसेट लागली की शेजारचेही आवाज मोठा करायला सांगायचे.

माळकौंस
घर भरायचं असेल तर भोंगा पण चालेल.

वाफाळता_चहा
वा! भारतरत्न भोंगा. चालू द्या.

(इथे माळकौंस आणि वाफाळता_चहा यांचे अकरा प्रतिसाद आहेत, धागाकर्त्याने वाचले नाहीत तरी चालतील. - संपादक)

जाई_जुई
आम्ही आईला गाणी भरूनच येतो तो रेडिओ घेतला होता. दिसायला जुन्या रेडिओसारखा, मधोमध मोठं गोल बटण, फिरवलं की गायक बदलतो. आई खूश. चौदा महिन्यांनी बॅटरी गेली, वॉरंटी बारा महिन्यांची. दुरुस्तीचं सांगितलं ते ऐकून नवीनच घेतला. कंपनीचं नाव सांगत नाही, धागा उडेल. पण तुमच्या बजेटात नाही बसणार, दुपटीच्या वर जाईल.

कोथरूडची_माऊ
गाणी भरून येतात असा एक रेडिओ मिळतो म्हणे, तो कसा आहे?

जाई_जुई
माऊ, वरचाच प्रतिसाद वाच गं बाई.

टेप_रेकॉर्डर
लोकलभाऊ, माझं ऐका, पेन ड्राइव्ह लागणारा साधा एफएम रेडिओ घ्या. आठशे ते पंधराशेत भरपूर आहेत. पण मी जो मार खाल्लाय तो तुम्ही खाऊ नका.

मी प्रदर्शनातून "पाच हजार सदाबहार मराठी गाणी" असा भरलेला पेन ड्राइव्ह आणला. एकच गाणं सात वेळा, मध्ये ढोल घातलेलं रिमिक्स आणि नाट्यसंगीताच्या फोल्डरात लग्नातल्या मंगलाष्टका. काकांना वाटलं घरात कुणाचं तरी ठरलंय. तेव्हा गाणी स्वतः भरा. एमपीथ्रीच भरा, भारी दर्जाच्या फ्लॅक फाईल टाकल्यात तर रेडिओ मुका बसेल. पेन ड्राइव्ह ३२ जीबीच्या वरचा नको, बरेच स्वस्त रेडिओ ओळखत नाहीत. फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा. ८ जीबीसुद्धा खूप झाला, १२८ केबीपीएसच्या साध्या दर्जाने मिनिटाला साधारण एक एमबी लागतो, म्हणजे सव्वाशे तासांची सोय.

आणखी दोन गोष्टी. यातले कितीतरी रेडिओ नावाच्या क्रमाने गाणी लावत नाहीत, ज्या क्रमाने कॉपी केली त्या क्रमाने लावतात. म्हणून सगळं एकदम ओढून टाकायचं नाही, एकेक फोल्डर हवं त्या ओळीने टाकायचं. आणि दुकानात एक परीक्षा घ्या: चौथं गाणं चालू असताना रेडिओ बंद करा, परत चालू करा. चौथंच लागलं तर घ्या. पहिल्यापासून सुरू झालं तर ठेवून या, नाहीतर बाबा जन्मभर पहिलं गाणं ऐकतील.

सोलापुरी_चादर
पेन ड्राइव्ह म्हाताऱ्या माणसाला काढता-घालता येत नाही. आमच्या वडिलांनी उलटा घुसवून खाचच मोडली.

टेप_रेकॉर्डर
एकदाच लावायचा, वरून चिकटपट्टी. काढायचाय कशाला?

मिरजमामा
कोण म्हणतंय मिरजेला गाण्यासाठी रेडिओ लागतो? अहो, अब्दुल करीम खाँसाहेब आमच्या गावात राहिले. १९३७ ला प्रवासात गेले, तरी आणलं मिरजेलाच, मीरासाहेबांच्या दर्ग्यात आहेत. उरुसात रात्र रात्र गाणं चालतं. हिराबाई बडोदेकरांचा जन्म मिरजेचा. तुमच्या सगळ्या गवयांच्या मागे जो तंबोरा वाजतो तो आमच्या सतारमेकर गल्लीतला, २०२४ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकनसुद्धा मिळालं. बाबांना संध्याकाळी त्या गल्लीतनं एक चक्कर मारायला सांगा. जवारी लावताना, म्हणजे घोडी घासून सूर खुलवताना, कान देऊन उभं राहिलं तरी पोट भरतं. फुकट.

हळदीचा_सौदा
मामा, जरा दमानं. मराठी नाटक सांगलीत उभं राहिलं, १८४३ ला, विष्णुदास भावे. नाटकच नसतं तर नाट्यसंगीत कुठनं आलं असतं?

मिरजमामा
सांगलीकरांना लांबची गाडी पकडायची तर मिरजेलाच यावं लागतं. बाकी चालू द्या.

हळदीचा_सौदा
आणि मिरजकरांना खरेदीला?

डेसिबल
धागा सांगली-मिरज झालाय, तरी मुद्द्याचं बोलते. मी कानाच्या डॉक्टरांकडे ऐकण्याच्या चाचण्या घेते, रोज अशीच माणसं बघते.

वयाने ऐकू कमी येतं तेव्हा आधी बारीक, वरच्या पट्टीतले आवाज जातात. स, श, त, फ ही अक्षरं विरतात. "आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत" ही तक्रार त्यातूनच येते. अशा माणसाला धमधम बेस असलेला मोठा स्पीकर दिला तर शब्द आणखी बुडतात. त्यापेक्षा छोटा, जरा चिरका वाटणारा स्पीकर बरा, आणि तो शोकेसवर न ठेवता खुर्चीशेजारी, कानाच्या उंचीला, दोन-तीन फुटांवर. आवाज न वाढवता फरक पडतो. फरशी आणि उघड्या भिंतींची खोली असेल तर घुमतं, जाड पडदा लावला तरी कमी होतं.

मुळात कान एकदा तपासून घ्या. कितीतरी वेळा नुसता मळ असतो. घरी काडी घालू नका.

सान_होजेचा_सदू
डेसिबलताई, म्हणूनच मी म्हणतोय, भारीच्या स्पीकरमध्ये बेस कमी-जास्त करता येतो. ॲपवरून.

डेसिबल
त्यांच्याकडे स्मार्टफोन नाहीये.

शिळी_भाकरी
आमच्या लहानपणी सांगली केंद्र १२५१ किलोहर्ट्झवर लागायचं. कुणी यादी करत नव्हतं. पुढचं काय लागणार ते माहीत नसायचं, त्यातच मजा होती. गीतरामायण १९५५ च्या रामनवमीला पुणे केंद्रावर सुरू झालं. आमचे आजोबा सांगायचे, आठवड्याला एक गाणं, ५६ गाणी, वर्षभर लोक थांबले. आता एका पेन ड्राइव्हात छप्पन्नच्या छप्पन्न, आणि ऐकायला कुणी नाही.

कोथरूडची_माऊ
+१. खूप सुंदर प्रतिसाद.

शिळी_भाकरी
अवांतर: रेडिओ घेतलात तर मध्यम लहरींचाही घ्या. आणि तो एलईडी दिव्याजवळ, पंख्याच्या रेग्युलेटरजवळ ठेवू नका, नुसती खरखर. खरखर आली की अख्खा रेडिओ जागच्या जागी फिरवून बघायचा, आतली दांडी स्टेशनच्या दिशेला नीट आडवी आली की आवाज निवळतो.

खाजगी_सावकार
मुलाने महिन्यातून एकदा जाण्याऐवजी दर शनिवारी जावं. रेडिओची गरज पडणार नाही.

नऊ_बावन्नची_लोकल
सावकार, सुट्टी रविवारचीच असते, शनिवारी हाफ डे. पण बरोबर आहे तुमचं.

बाकी कुणी नाट्यसंगीताचं सांगेल का?

तिसरी_घंटा
मी सांगतो. गेली तीस वर्षं हौशी नाटकवाला आहे, पेटीही बरी वाजवतो, लोक म्हणतात.

बालगंधर्वांच्या मूळ ध्वनिमुद्रिका भरायचा मोह होईल. भरू नका, किंवा दोन-तीनच. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं, त्यात खरखर, आणि वर डेसिबलताई म्हणतात तसा कान. तुमच्या बाबांना ते आधीपासून पाठ असेल तर मेंदू भरून घेईल, नसेल तर वैताग येईल. त्याऐवजी कुमारांचा "मला उमजलेले बालगंधर्व" द्या. पदं तीच, मुद्रण स्वच्छ. (माळकौंस, खूश व्हा.)

मग वसंतराव देशपांडे. "कट्यार काळजात घुसली" १९६७ चं, चाली जितेंद्र अभिषेकीबुवांच्या. मूळ नाटकातलं घ्या, २०१५ च्या चित्रपटातलं वेगळं फोल्डर करा, नाहीतर बाबा तुम्हाला फोन करून तुलना ऐकवतील. अभिषेकीबुवांचंच "मत्स्यगंधा", १९६४. आशालता आणि रामदास कामत. त्यातले शब्द स्पष्ट ऐकू येतात, हा मोठा फायदा. मग माणिक वर्मा. "सौभद्र", "स्वयंवर" आणि "मानापमान" यातली पदं वेगवेगळ्या गायकांकडून घ्या, एकाच्याच आवाजात तीन नाटकं ओतू नका.

आणि मोजकं भरा. चाळीस, फार तर पन्नास. पाच हजार गाण्यांत आवडतं गाणं बटण दाबून शोधायला माणूस विशीतला लागतो.

माळकौंस
संध्याकाळचा यमन सकाळी आणि सकाळची तोडी रात्री येणार नाही एवढं तरी बघा. वेळेप्रमाणे दोन पेन ड्राइव्ह करा.

सोलापुरी_चादर
दोन पेन ड्राइव्ह म्हणजे दोन खाचा मोडणार.

तिसरी_घंटा
दुपारच्या प्रयोगात यमनातलं पद आलं म्हणून कुणी उठून गेलेलं मी तरी पाहिलं नाही.

माळकौंस
म्हणूनच नाट्यसंगीताला मी संगीत म्हणत नाही.

(पुढचे एकोणीस प्रतिसाद "नाट्यसंगीत शास्त्रीय की उपशास्त्रीय" या नव्या धाग्यावर हलवले आहेत. - संपादक)

टेप_रेकॉर्डर
लोकलभाऊ, काय घेतलंत? सांगून तरी जा.

नऊ_बावन्नची_लोकल
उशीर झाला, माफ करा. गेल्या रविवारी जाऊन आलो.

डेसिबलताईंचं ऐकून आधी कान दाखवले. उजव्या कानात खरंच मळ होता. बाहेर आल्यावर बाबा रिक्षावाल्याला म्हणाले, "ओरडतोस कशाला?"

रेडिओ स्टेशन रोडवर घेतला, बाराशेला. टेप_रेकॉर्डर यांची परीक्षा घ्यायची विसरलो, बाबा दुकानदाराशी भाव करत होते. घरी आल्यावर कळलं की बंद करून चालू केला की पहिल्यापासूनच सुरू होतो. परत द्यायला निघालो तर बाबा नको म्हणाले.

झालं असं की पेन ड्राइव्ह चालतो का बघायला मी सगळ्यात आधी मुलीचं शाळेतल्या प्रार्थनेचं रेकॉर्डिंग टाकलं होतं. इयत्ता दुसरी, सव्वा मिनिट. ते काढायचं राहिलं. त्यानंतर तिसरी_घंटा यांची बेचाळीस गाणी. त्यामुळे रेडिओ लावला की आधी पोरगी, मग वसंतराव. बाबा म्हणाले, "असू दे, नाटकाला नांदी लागतेच."

काल फोन आला होता. म्हणाले, पोरगी वरच्या सा ला कमी पडते, क्लास लाव. आणि यावर बातम्या कुठे लागतात ते विचारलं.

तिसरी_घंटा
बेचाळीस? मी सांगितली ती सगळी घेतलीत. दंडवत.

माळकौंस
कुमार किती आहेत त्यात?

सान_होजेचा_सदू
दहा दिवसांच्या आत परत करता येत असेल तर अजूनही विचार करा.

मिरजमामा
बाराशे? स्टेशन रोडला? मला एक शब्द टाकला असता तर हजारात आणून दिला असता. वर पेन ड्राइव्ह.