बूथमधली माझी मराठी तिसरीच का निघते?

गोदाकाठ_परभणी
शेतीविषयक पत्रकांचे मी इंग्रजीतून मराठीत लेखी अनुवाद करते. आता एका परिसंवादात दुभाषी म्हणून बूथमध्ये बसायचंय, म्हणजे वक्त्याचं इंग्रजी ऐकता ऐकताच माइकवर मराठीत सांगायचंय, म्हणून इंग्रजी व्याख्यानं लावून सराव करायलेय. परवा रेकॉर्डिंग कागदावर उतरवलं. ती मराठी ना माझ्या बोलण्यासारखी, ना अनुवादासारखी! वाक्यं तुटक, तेच नाम पुन्हा पुन्हा, अन् एरवी तोंडी असलेलं 'बघा', 'की', 'ना' गायब. सरावानं हे जाईल का?

जुना_दुभाषी_लातूर
ताई, जाणार नाही, अन् घालवायच्या मागंही लागू नका. आपलं क्रियापद शेवटी, इंग्रजीचं आधी. वक्त्याच्या दोन-चार सेकंद मागं राहून बोलायचं असतं. पूर्ण वाक्याची वाट पाहिली तर तेवढं ओझं डोक्यात धरावं लागतं, तोवर वक्ता पुढं गेलेला. म्हणून तुकडे पाडायचे.

तुमच्याच विषयातलं घ्या. पत्रकात तुम्ही लिहाल: 'मॉन्सूनचे आगमन कितीही लवकर झाले तरी किमान ७५ ते १०० मिमी पाऊस झाल्याशिवाय सोयाबीनची पेरणी करू नये.' बांधावर म्हणाल: 'अहो, घाई काहून करता, शंभरेक मिली तर पडू द्या की!' बूथमध्ये इंग्रजीच्या क्रमानं येईल: 'सोयाबीन पेरू नका. आधी पाऊस होऊ द्या, किमान ७५ ते १०० मिलिमीटर. मॉन्सून लवकर आला तरी हेच.'

बांधावर 'शंभरेक' चालतं, बूथमध्ये आकडा जसाच्या तसा लागतो. तो जोडीदाराला चिठ्ठीवर लिहायला सांगा. एकट्यानं बसूच नका, वीस-तीस मिनिटांनी माइक बदलायचा. नाम पुन्हा येतं ते बरंच आहे. ऐकणाऱ्याला पान उलटून मागं बघता येत नाही, त्याला 'ती' म्हणजे पेरणी का फवारणी, कसं कळावं? अन् 'बघा', 'की' आपण समोरच्याला आपलं म्हणणं पटवताना वापरतो. बूथमधला 'मी' वक्त्याचा असतो, आपला नाही.

एमए_भाषाविज्ञान_संभाजीनगर
सरांच्या म्हणण्याला पुस्ती जोडतो. अनुवाद-अभ्यासक मिरियम श्लेसिंगर यांनी १९८९ च्या प्रबंधात इंग्रजी-हिब्रू दुभाष्यांचं बोलणं तपासलं होतं. मूळ भाषण ऐसपैस बोलीतलं असेल तर दुभाष्याच्या तोंडून ते थोडं लेखी वळणाचं होतं, अन् मूळ लेखी थाटाचं असेल तर बोलीकडं झुकतं. दोन्ही टोकं मध्याकडं सरकतात. तुमची 'तिसरी' मराठी तीच असावी.

गोदाकाठ_परभणी
मग वक्ता कागद वाचून दाखवत असेल तर? तिथं माझी फारच ओढाताण व्हायलीय.

जुना_दुभाषी_लातूर
सगळ्यांचीच होते. लिहिलेली लांब वाक्यं, वाचण्याचा वेग, अन् विचार करताना माणूस थांबतो तसं थांबणंही नाही. आयोजकांकडं भाषणाची प्रत आदल्या दिवशी मागा. बहुतेक देत नाहीत, तरी मागा.