मदत हवी आहे: कोशुतच्या परागंदा आयुष्याचा नकाशा

शाळेच्या प्रदर्शनासाठी हंगेरीच्या १८४८-४९ च्या स्वातंत्र्यलढ्याचा नेता लॉयोश कोशुत याचा नकाशा करतेय. तुर्कस्तान, अमेरिका, इटली एवढे तीन बाण पुरतील का? 'मिसिसिपी' युद्धनौकेनेच त्याला न्यूयॉर्कला नेलं ना? आणि १८६७ ला ऑस्ट्रियाशी समेट झाल्यावरही तो का परतला नाही?

प्रतिसाद १
नाही पुरणार. लंडन गाळलंत तर मधली जवळजवळ दहा वर्षंच गायब होतील. ऑगस्ट १८४९ मध्ये त्याने ओर्शोव्हाजवळ सरहद्द ओलांडून तुर्की साम्राज्यात पाऊल टाकलं. पुढे विदिन, शुम्ला आणि एप्रिल १८५० पासून कुताह्या. तुर्की सुलतान अब्दुल मजीदने त्याला ऑस्ट्रियाच्या हवाली केलं नाही, पण मोकळंही सोडलं नाही, त्यामुळे तिथे 'नजरकैद' लिहा.

सप्टेंबर १८५१ मध्ये सुटून तो 'मिसिसिपी'वर चढला खरा, पण मार्सेयला फ्रान्सने वाट नाकारली आणि जिब्राल्टरला त्याने ती नौका सोडली. तिचा बाण तिथेच तोडा. 'माद्रिद' बोटीने २३ ऑक्टोबरला साउदॅम्प्टन, डिसेंबरात 'हम्बोल्ट'ने अमेरिका, जुलै १८५२ मध्ये परत लंडनकडे. इटलीत मुक्काम १८६१ पासून, तुरीनला.

प्रतिसाद २
लंडनच्या ठिपक्याशी नोटांचा खटला जरूर घ्या, मुलांना आवडेल. भावी स्वतंत्र हंगेरीसाठी कोशुतने तिथे दहा कोटींहून जास्त फ्लोरिनच्या नोटा छापून घेतल्या. ऑस्ट्रियाच्या सम्राटाने थेट इंग्लंडच्या कोर्टात दावा लावला आणि १८६१ मध्ये जिंकला. नोटा नष्ट झाल्या. इटालियन क्रांतिकारक मॅझिनीशी त्याची ऊठबसही लंडनचीच.

प्रतिसाद ३
परतण्याबद्दल: ऑस्ट्रियाचा सम्राट फ्रान्झ जोझेफ याला हंगेरीचा राजा मानणं त्याला मान्यच नव्हतं. मे १८६७ मध्ये त्याने समेट घडवून आणणाऱ्या हंगेरियन नेत्या देआकला खुलं पत्र लिहून बजावलं, की या समेटाने हंगेरी ऑस्ट्रियाच्या नशिबाशी बांधली जाईल. माझ्या मते हे पत्र त्याच्या कुठल्याही भाषणापेक्षा मोलाचं आहे. पुढे १८७९ चा कायदा आला: सलग दहा वर्षं देशाबाहेर राहिलं आणि वकिलातीत नोंद केली नाही, की नागरिकत्व जातं. त्याने नोंद केली नाही, नागरिकत्व गेलं. २० मार्च १८९४ ला तुरीनमध्ये वारला, १ एप्रिलला बुडापेस्टच्या केरेपेशी दफनभूमीत दफन झालं. हा शेवटचा बाण वेगळ्या रंगात काढा.

प्रतिसाद १
एक राहिलं. आजच्या सरहद्दी छापणार असाल तर ओर्शोव्हा रुमानियात दाखवा, विदिन आणि शुम्ला (आताचं शुमेन) बल्गेरियात. तुर्कस्तानात फक्त कुताह्या येईल.