मुलं आई-वडिलांवर हात उगारतात, तिथे समुपदेशकांना वेगळं प्रशिक्षण हवं का?

पर्वतीपायथा:
ओळखीतलं घर, सिंहगड रोडवरचं. अकरावीतला मुलगा आईला मारतो. फोन काढून घेतला की आधी दार आपटणं, मग ढकलाढकली. एकदा मनगट मुरगळलं. वडील नोकरीनिमित्त बाहेरगावी. हिंमत करून ती समुपदेशकाकडे गेली, तर पहिलाच प्रश्न: "तुम्ही दिवसभर घरी नसता का?" ती परत गेली नाही.

माझ्या मते समुपदेशक, शाळा आणि पोलीस, तिघांनाही याचं वेगळं प्रशिक्षण हवं. "त्याच्याशी मोकळेपणाने बोला" हा सल्ला मार खाणाऱ्या बाईच्या काय कामाचा? ब्रिटनच्या गृहखात्याने २०१५ मध्येच याच विषयावर पोलीस, शाळा, आरोग्यसेवक यांच्यासाठी मार्गदर्शिका काढली. इस्रायलचे मानसशास्त्रज्ञ हाइम ओमर यांची पद्धत तर गांधीजींच्या सत्याग्रहावरून घेतलेली. पालकांनी ओरडायचं नाही, मारायचं नाही, पण मागेही हटायचं नाही. भांडण पेटलेलं असताना उत्तर द्यायचं नाही. सगळं निवल्यावर, लिहून आणलेलं शांतपणे वाचून दाखवायचं: घरात मारहाण चालणार नाही, आणि यापुढे आम्ही ती लपवणारही नाही. मग मामा, आत्या, शेजारी यांना सोबत घ्यायचं. आपण शाळेच्या सहली आगाखान पॅलेसला नेतो आणि हे मात्र तेल अवीवहून शिकायचं!

तिरकस_नारायणपेठ:
साफ विरोध. सोळा वर्षांचं पोर हात उचलायला कुठे शिकलं, ते आधी विचारा. बापाने आईला मारलेलं बघत किंवा स्वतः पट्टा खात मोठी झालेली मुलं कमी आहेत का? तुमच्या प्रशिक्षणात पालक बळी आणि मूल गुन्हेगार, असा शिक्का तयारच असणार. समुपदेशकाने कारण विचारलं, यात त्याचं काय चुकलं?

पर्वतीपायथा:
कारण विचारावंच, पण कधी? आज रात्री आई आणि धाकटी बहीण कुठे झोपणार, स्वयंपाकघरातल्या सुऱ्या कुठे आहेत, हे आधी. बापाने मारलं होतं का, हेही विचारायलाच हवं, फक्त आरोपीला विचारल्यासारखं नको. हा क्रम कोणी शिकवत नाही, म्हणून तर धागा काढला.

चौकीबाहेरची_ताई:
मी समाजकार्यातली, पोलीस ठाण्यांत बरीच वर्षं काम केलंय. आया येतात आणि म्हणतात, "तक्रार नको साहेब, फक्त दम द्या." साहेब दम देतात. मुलगा दोन दिवस गप्प, तिसऱ्या दिवशी "मला पोलिसांत दिलंस ना" म्हणून दुप्पट.

कायदा तसा आंधळा नाही. अठराखालच्या मुलाने अशी किरकोळ मारहाण केली तर एफआयआर होत नाही. ठाण्याच्या डायरीत नोंद आणि सोबत मुलाच्या सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल, असं बाल न्याय नियम सांगतात. प्रत्येक ठाण्यात बाल कल्याण पोलीस अधिकारी असायला हवा. दुसरीकडे, २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कौटुंबिक हिंसाचार कायद्यात तक्रार कोणाविरुद्ध करता येते, त्या व्याख्येतले 'प्रौढ पुरुष' हे शब्द काढून टाकले आणि सोळा-सतरा वर्षांचाही हिंसेत सामील असू शकतो, हे बोलून दाखवलं. हे दोन्ही एकत्र समजावून सांगणारं माणूस त्या आईला भेटत नाही. मुलाचं आयुष्य खराब होईल या धाकाने ती परत फिरते.

वारज्याची_आई:
थोडं वेगळं. माझा मुलगा स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे. मिक्सरचा आवाज, अचानक बदललेला बेत, की तो मला चावतो, ओरबाडतो. तो मला धाकात ठेवत नाहीये, त्याला सहन होत नाहीये. उद्या कोणी दोन दिवसांची कार्यशाळा करून आला आणि मला कागद वाचून दाखवायला लावला तर? त्यापेक्षा न आलेला बरा.

तिरकस_नारायणपेठ:
हेच म्हणतोय मी! पुण्यात गल्लोगल्ली समुपदेशनाचे सर्टिफिकेट कोर्स. त्यात आणखी एक, एवढंच होणार. आणि ते नातेवाईक जमवणं? आपल्याकडे एका आत्याला सांगितलं की रविवारपर्यंत सांगली-साताऱ्याला कळतं. मग ते पोर कायमचं 'आईला मारणारा'.

पर्वतीपायथा:
वारज्याच्या ताई, तुमचा मुद्दा पटला. प्रशिक्षणाचा पहिला धडा हाच असावा: घाबरवण्यासाठी मारणं कोणतं आणि असह्य होऊन मारणं कोणतं. नारायणपेठ, कोणती आत्या निवडायची हेच तर जाणकाराने सांगायचं. बोलघेवडी नको; मुलगा जिचं थोडंफार ऐकतो ती हवी. आणि ती ओरडायला नाही, रात्री फोन करून "काय झालं रे आज?" एवढं विचारायला. घरातलं घरातच ठेवून काय मिळालं? लिफ्टमध्ये सगळे त्या मनगटाकडे बघतातच.

शाळेतल्या_बाई:
मतदार याद्या, जनगणना, सर्वेक्षणं, आणि आता हेही? आमच्याकडे समुपदेशकाचं पदच रिकामं आहे, शिकवणार कोणाला? तरी एक सांगते, मधल्या सुट्टीत आया आम्हालाच गाठतात. त्या वेळी काय बोलायचं नाही, एवढं जरी कोणी शिकवलं तरी मी येईन.

तिरकस_नारायणपेठ:
बरं. वर्षभराचं शिक्षण, अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष केसेस, आणि मुलाचीही बाजू ऐकणं सक्तीचं, एवढं असेल तर विरोध मागे. दोन दिवस आणि जेवणासकट प्रमाणपत्र असेल तर नाही.

चौकीबाहेरची_ताई:
वर्षभराची फी आमच्या पगारात बसत नाही हो. आणि त्या वर्षात दारात येणाऱ्या आयांचं काय करू?

तिरकस_नारायणपेठ:
तोवर निदान दम देऊ नका.