पहिल्या इंडी ५०० चा विजेता एकटा रे हॅरूनच?

चक्रधर
अमेरिकेतल्या इंडियानापोलिसची पाचशे मैलांची मोटर शर्यत म्हणजे इंडी ५००. ३० मे १९११ ची पहिली शर्यत रे हॅरूनने जिंकली, हे मोटर रेसिंगच्या शौकिनांना तोंडपाठ असतं. त्याची पिवळी मार्मन वॉस्प गाडी, इतरांच्या शेजारी मेकॅनिक बसलेले आणि हा एकटा, मागचं दिसावं म्हणून लावलेला आरसा, सगळं माहीत असतं. पण मध्ये तीसेक फेऱ्या ती गाडी सायरस पॅच्कीने चालवली होती. २०० पैकी तीस, म्हणजे पंच्याहत्तर मैल, तेही विटांच्या ट्रॅकवर. विजेत्यांच्या यादीत त्याचा पत्ता नाही. १९२४ ला मात्र कोरम आणि बॉयर, दोघांची नावं लागली. पॅच्कीचंही लावा, एवढंच म्हणणं आहे.

काठावरून
गल्लत होतेय. १९२४ ला शर्यत सुरू केली कोरमने आणि संपवली बॉयरने, म्हणून दोन नावं. १९४१ ला फ्लॉइड डेव्हिस आणि मॉरी रोज यांचंही तसंच. हॅरूनने सुरुवातही केली आणि शेवटही. तुमचा न्याय लावला तर १९१२ च्या विजेत्या डॉसनबरोबर मध्ये त्याची गाडी चालवलेला डॉन हेर येतो, १९२५ च्या डी पाओलोबरोबर नॉर्मन बॅटन. १९२३ ला टॉमी मिल्टनच्या हातांना फोड आले म्हणून मध्ये हाउडी विलकॉक्स बसला. तो १९१९ चा विजेता आहेच, आता त्याला दुसरं विजेतेपद द्यायचं? बदली क्षेत्ररक्षकाने झेल घेतला तरी विकेट गोलंदाजाचीच.

चक्रधर
द्या की विलकॉक्सला, कुणाच्या खिशातून जातंय? आणि बदली खेळाडूचा झेल स्कोअरकार्डात निदान नोंदवतात तरी. ताशी ७४.६ मैल ही सरासरी आपण हॅरूनच्या नावावर लिहितो, तिच्यात पॅच्कीच्या फेऱ्याही धरलेल्या आहेत. वेग चालतो, माणूस चालत नाही!

अवनी_इंडियाना
मी इंडियानापोलिसचीच रहिवासी. वॉस्प ट्रॅकवरच्या म्युझियममध्ये आहे, बघण्यासारखी आहे. पण तुम्ही दोघं ज्या यादीसाठी भांडताय, तिच्या दारातही चार्ली विगिन्स या कृष्णवर्णीय ड्रायव्हरला उभं केलं नाही. याच शहरात त्याचं गॅरेज होतं, रेसची गाडी त्याने स्वतः बांधली होती. इंडी ५०० अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनच्या नियमांनी चालायची आणि कृष्णवर्णीय ड्रायव्हरना तिथे बंदी. म्हणून १९२४ पासून त्यांची वेगळी शर्यत भरायची, गोल्ड अँड ग्लोरी, इथल्याच जत्रेच्या मैदानावर. १९२६ ला विगिन्सने ती जिंकली, पुढेही जिंकत राहिला. १९३६ ला त्याच शर्यतीत तेरा गाड्या एकमेकींवर आदळल्या आणि त्याचा पाय गेला. इंडी ५०० मध्ये पहिला कृष्णवर्णीय ड्रायव्हर, विली टी. रिब्स, उतरला तो १९९१ ला. पॅच्की विसरला गेला, ठीक. विगिन्सला कुणी विसरलं नव्हतं हो, नियम करून बाहेर ठेवलं होतं.

काठावरून
बंदी लाजिरवाणी होती, त्यावर वाद नाही. पण त्यावरून ‘विगिन्स हा डी पाल्मासारख्या इंडी विजेत्याच्या तोडीचा’ असं लिहिणारे भेटतात, ते पटत नाही. मैलभराच्या मातीच्या ट्रॅकवर शंभर मैल आणि विटांवर पाचशे मैल, दोन वेगळ्या परीक्षा. तुलनेला आधारच नाही.

अवनी_इंडियाना
आधार नाही कारण परीक्षेला बसूच दिलं नाही. त्याचा तोटा विगिन्सनेच का सोसायचा? आणि जिथे आधार आहे तिथलं सांगते. फेब्रुवारी १९०९, न्यू ऑर्लिन्स. पन्नास मैलांच्या शर्यतीत जोन क्यूनिओ दुसरी आली. पहिला कोण? तुमचाच राल्फ डी पाल्मा, पुढे १९१५ ला इंडी जिंकणारा. बॉब बर्मनसारखा गडीही तिच्या मागे राहिला. आणि त्याच वर्षी त्याच असोसिएशनने बायकांना शर्यतीतून बाद केलं.

काठावरून
क्यूनिओबद्दल निरुत्तर.

चक्रधर
मग पॅच्की?

काठावरून
नाही म्हणजे नाही. सुरुवात हॅरूनची, शेवटचं निशाण हॅरूनचं.