नव्या खाऱ्या टँकमधले मासे अचानक गेले, तुमचे अनुभव सांगा

नमस्कार मंडळी, मी फोंड्याचा. चवथीच्या आधी हौसेने तीन फुटी टँक लावला, साधारण 180 लिटर पाणी, आरओचं पाणी आणि विकतचं समुद्री मीठ, क्षारता 1.025 (म्हणजे गोड्या पाण्याच्या तुलनेत घनता), तापमान 27. दुकानात सांगितलं दोन दिवस पाणी फिरू द्या आणि मग मासे सोडा, तसंच केलं. दोन क्लाऊन, तीन डॅमसेल आणि एक ब्लू टँग, सगळे एकदम सोडले. पाच दिवस सगळं मस्त, हात दिसला की खायला धावत यायचे. सहाव्या दिवशी सकाळी एक डॅमसेल दगडामागे आडवा, दुपारी टँग गेला, आणि काल रात्रीपर्यंत एकूण चार गेले. पाणी एकदम काचेसारखं, अंगावर ना डाग ना जखम. टँग जाताना मी समोरच बसलेलो, कल्ले इतक्या जोरात हलत होते की लेक म्हणाली बाबा त्याला दम लागलाय का. काय सांगणार तिला. एक क्लाऊन आणि एक डॅमसेल उरलेत. ज्यांचं असं झालंय त्यांनी प्लीज लिहा, काय घडलं आणि कारण कसं सापडलं. औषधांची नावं नकोत, आधी कारण कळू दे.

मडगावहून
दादा, आधी त्यांना खायला घालणं बंद करा आणि आजच्या आज अमोनिया मोजा. माझंही डिट्टो असंच झालेलं, पाच मासे चार दिवसांत गेले, आणि मी पण हेच म्हणत होते की पाणी तर किती स्वच्छ आहे. अमोनिया दिसत नाही हो. मासे कल्ल्यांतून तो सतत सोडतात, उरलेलं खाणं कुजून आणखी होतो, आणि तो खाऊन नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करणारे बॅक्टेरिया नव्या टँकमध्ये नसतातच, त्यांना दगडांवर आणि वाळूत बसायला चार ते सहा आठवडे लागतात. त्यात खाऱ्या पाण्याचा पीएच 8.2 च्या आसपास, आणि पीएच एकाने चढला की अमोनियाचा विषारी भाग जवळजवळ दहापट होतो. म्हणून गोड्या पाण्यातल्या गोल्डफिशने जे सोसलं ते इथे सोसवत नाही. मी किट आणली, नळीत पाच मिली पाणी, थेंब घातले, हलवलं आणि खिडकीशी पांढऱ्या कागदासमोर धरली. पिवळी राहिली तर शून्य. माझी पाच मिनिटांत कैरीच्या सालीसारखी हिरवी झाली. नंतर टँक रिकामा ठेवून मार्केटातून एक कच्चं सुंगट (कोळंबी) कुजून अमोनिया व्हावा म्हणून आणून त्यात टाकलं आणि नुसती वाट बघितली. पाचव्या आठवड्यात अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले, तेव्हा एकच क्लाऊन आणला. तो अजून आहे, तीन वर्षं झाली.

ताळगावहून
माझं कारण वेगळं. पैसे वाचवायला जुलैमध्ये मिरामारहून कॅन भरून समुद्राचं पाणी आणलं. पावसात मांडवीचं सगळं गोडं पाणी तिथेच उतरतं हे डोक्यातच आलं नाही, मोजलं तर 1.014. मग घाईघाईत रात्री टँकमध्येच थेट मीठ ओतलं, सकाळी 1.027 आणि दोन्ही मासे तळाशी. क्षारता खाली गेलेली मासे बऱ्यापैकी सोसतात, झटकन वर गेलेली नाही, अंगातलं पाणी खेचलं जातं त्यांच्या. आता मीठ वेगळ्या बादलीत एक दिवस आधी विरघळवतो, आणि समुद्राचं पाणी आणलंच तर जानेवारी-फेब्रुवारीत, नदीच्या तोंडापासून लांब.

वास्कोहून
मे महिना, रात्री दोनला लाईट गेली ती सातला आली. पंप बंद, वर काचेचं झाकण गच्च, पाणी 32 वर. गरम आणि खारं पाणी ऑक्सिजन कमी धरतं, पहाटे सगळे पृष्ठभागाशी तोंड वर काढून. मोठे आधी गेले, छोटी गोबी वाचली. आता बॅटरीवरचा एअर पंप असतो, झाकणाच्या जागी जाळी, आणि उन्हाळ्यात पाण्यावर छोटा फॅन. फॅनने पाणी उडतं तेवढं साधं आरओ घालायचं, खारं नाही, मीठ आतच राहतं ना.

साखळीहून
हे लिहिताना अजून वाईट वाटतं. आमचे सात मासे एका संध्याकाळी गेले. आधी एक गोल गोल फिरायला लागला, मग दुसरा काचेवर आपटला, तासाभरात सगळे. पाणी तपासलं, सगळं नॉर्मल. दोन दिवसांनी लक्षात आलं की त्या दुपारी मीच हॉलमध्ये झुरळांचा स्प्रे मारला होता, आणि एअर पंप त्याच कपाटाच्या खाली होता. तो खोलीतली हवा ओढून सरळ पाण्यात सोडतो हो! त्या स्प्रेमधली औषधं माणसाला फारशी लागत नाहीत पण माशांना अगदी थोडी पुरतात. आता त्या खोलीत स्प्रे नाही, अगरबत्ती नाही, डासांचं मशीन नाही, आणि फिल्टरमध्ये ॲक्टिव्हेटेड कार्बनची पिशवी कायम.

म्हापशाहून
बारा वर्षं खारे टँक ठेवतोय, तेव्हा थोडं सविस्तर. मासे कसे गेले यावरून निम्मं कारण कळतं. तासाभरात सगळे एकदम, तर विष किंवा ऑक्सिजन. दोन-चार दिवसांत एकेक करून, तर अमोनिया किंवा रोग. दादांचं दुसऱ्या प्रकारातलं. तरी एक बघून घ्या, खोलीत अंधार करून उरलेल्या माशांवर टॉर्च तिरकी मारा. अंगावर पिठी भुरभुरल्यासारखी सोनेरी धूळ दिसली तर तो व्हेल्वेट नावाचा परजीवी रोग, तोही कल्ल्यांवरच आधी बसतो आणि दोन-तीन दिवसांत टँक रिकामा करतो. मीठाच्या दाण्यांएवढे ठिपके असतील तर व्हाईट स्पॉट, तो जरा वेळ देतो. दोन्हींवर तांब्याचं औषध चालतं पण फक्त वेगळ्या टँकमध्ये, मुख्य टँकमध्ये घातलंत तर दगडांत मुरतं आणि पुढे गोगलगायी, कोळंबी, पोवळं काही टिकत नाही. माझा पहिला टँक मी असाच बाद केला.
आणखी एक चूक मी केलेली. मुंबईहून पार्सल आलं, मासे चोवीस तास पिशवीत. मी पिशवी उघडून दोन तास थेंब थेंब पाणी सोडत बसलो. बंद पिशवीत माशांच्या श्वासाने पीएच उतरलेला असतो म्हणून साचलेला अमोनिया कमी बाधतो, पिशवी उघडली की पीएच चढतो आणि तोच अमोनिया जाळायला लागतो. लांबून आलेल्या माशांसाठी त्याच क्षारतेचं पाणी आधीच तयार ठेवायचं, पिशवी तरंगवून तापमान जुळलं की उघडून लगेच मासा जाळीने त्यात. पिशवीतलं पाणी टँकमध्ये अजिबात नाही.

कुंकळ्ळीहून
नळाचं पाणी, क्लोरीन, सहा मासे, एक रात्र. मोजमापं बरोबर होती, फक्त क्लोरीन मारणारं हायपो घालायला विसरलो.

पुन्हा म्हापशाहून
एकाने विचारलंय की बॅक्टेरियासाठी ग्रांदे बेटाजवळून जिवंत दगड (बॅक्टेरिया आणि जीव बसलेले समुद्रातले दगड) काढून आणू का. कृपया नको. तिथे खरी पोवळी आहेत आणि 1972 च्या वन्यजीव कायद्याने ती संरक्षित आहेत, समुद्रघोडेही. ओळखीच्या जुन्या टँकमधला मूठभर फिल्टर स्पंज मागून घ्या, काम तेच होतं.

फोंड्याहून
सगळ्यांचे आभार, मनापासून. टॉर्च मारली, धूळ नाही. मग किट आणली आणि ताईंनी सांगितल्यासारखी नळी खिडकीशी धरली, गडद हिरवी, तक्त्यावर 4 च्या खान्याशी जुळली. लगेच 60 लिटर पाणी बदललं, रात्री पुन्हा 60. आज सकाळी क्लाऊनचे कल्ले जरा सावकाश हलत होते. दुपारी म्हापशाच्या दादांकडे दोघांना सोडून आलो, त्यांच्या जुन्या टँकमध्ये, आणि येताना स्पंजचा एक तुकडा ओल्या पिशवीत घेऊन आलो. आता आमच्या टँकमध्ये दगड आहेत, तो स्पंज आणि एक सुंगट. लेकीने वहीत रकाने आखलेत, तारीख, अमोनिया, नायट्राइट, आणि पहिल्या ओळीत हिरव्या पेन्सिलने रंग भरलाय.