सोलापुरात माजी गुप्तवार्ता सैनिकांची वेगळी संघटना हवी का?

(बोलणाऱ्यांची नावं टोपणनावं आहेत.)

बाराबंदी : प्रस्ताव असा आहे. लष्कराच्या गुप्तवार्ता विभागात काम केलेल्या जिल्ह्यातल्या निवृत्तांची नोंदणीकृत संघटना काढायची. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली सात जण पुरतात. महाराष्ट्रात तीच संस्था १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखालीही नोंदवावी लागते, दोन्ही कामं धर्मादाय कार्यालयात होतात. माझं मत 'हो'. सर्वसाधारण माजी सैनिक मेळाव्यात पहिला प्रश्न 'पोस्टिंग कुठं होतं?' हाच असतो आणि ही माणसं तिथंच गप्प होतात. मग त्यांच्या पेन्शनच्या अडचणीही तशाच राहतात.

होटगी रोड : सक्त विरोध. नोंदणीच्या अर्जात कार्यकारिणीतल्या प्रत्येकाचं नाव, पत्ता, व्यवसाय लिहावा लागतो. त्याच १८६० च्या कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ते कागद फी भरून कुणीही बघू शकतो, नक्कलही घेऊ शकतो. शिवाय दरवर्षी सर्वसाधारण सभेनंतर १४ दिवसांत कार्यकारिणीची नवी यादी द्यायची. म्हणजे इंटेलिजन्सवाले कोण आणि राहतात कुठं, हे आपणच सरकारी शिक्क्यानिशी लिहून द्यायचं! 'रेकॉर्ड ऑफिसमधून (सैनिकांच्या सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या लष्करी कार्यालयातून) बोलतोय' म्हणून निवृत्तांना फोन करायचा आणि जुन्या युनिटची माहिती काढायची, ही शत्रूची ठरलेली पद्धत आहे. त्याला सुरुवातीला नाव आणि नंबर एवढंच लागतं.

शेंगाचटणी : अहो, मग नावात तो शब्द घालताच कशाला? 'माजी सैनिक कल्याण संस्था' एवढंच ठेवा. उद्दिष्टं पेन्शन, औषधोपचार, वीरपत्नींना मदत. लेटरहेडवर अशोकस्तंभ असलेला बिल्ला मात्र छापू नका, राजचिन्हाच्या गैरवापराविरुद्ध २००५ चा कायदा आहे. सेवेतला माणूस सभासद करू नका. आर्मी ॲक्टच्या कलम २१ मुळं त्याच्यावर संघटनेत जाण्याची बंधनं आहेत, नोकरी त्याची अडकेल.

होटगी रोड : नाव साधं, उद्दिष्टं साधी, सभासद कुठलेही माजी सैनिक. मग यात वेगळं काय उरलं ओ?

कडक भाकरी : दोघंही मुद्दा सोडून भांडताय. आधी सभासद कोण ते ठरवा. इंटेलिजन्स कोअरचा कायमचा माणूस वेगळा आणि इन्फंट्रीतून दोन-तीन वर्षांसाठी आलेला वेगळा. पहिल्याचं रेकॉर्ड पुण्यात. दुसऱ्याचं त्याच्या मूळ रेजिमेंटकडे : मराठा लाइट इन्फंट्री असेल तर बेळगाव, महार असेल तर मध्य प्रदेशातलं सागर. पेन्शन 'स्पर्श' या संरक्षण खात्याच्या ऑनलाइन पेन्शन प्रणालीवर दिसते, पण नावात चूक असेल तर कागद मूळ रेकॉर्ड ऑफिसकडेच जातो. पुण्याला पाठवलेला बेळगावचा अर्ज महिनोन्महिने फिरत राहतो.

सगळ्यात जास्त अडतं ते पत्नीच्या नावावर. पीपीओत (पेन्शन मंजुरीच्या आदेशात) एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, बँकेत तिसरं. निवृत्त माणूस हयात आहे तोवर दुरुस्ती करून घ्या : पीपीओ, डिस्चार्ज बुक (सेवामुक्तीचं पुस्तक) आणि आधार यांच्या प्रती, नावांतल्या फरकाचं प्रतिज्ञापत्र, सोबत सहीचा अर्ज. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठवलात तर जावक क्रमांक हाती राहतो. पुढं कॉरिजेंडम, म्हणजे दुरुस्त केलेला पीपीओ येईपर्यंत पाठपुरावा करायचा. माणूस गेल्यावर हेच काम बाईंच्या गळ्यात पडतं, आणि तोवर कुटुंब निवृत्तिवेतन लटकतं. हे काम कुठलीही संघटना करू शकते, त्यासाठी कुणाचं पोस्टिंग विचारावं लागत नाही.

बाराबंदी : रेकॉर्ड ऑफिसचा मुद्दा मान्य. पण करमाळ्याच्या किंवा मंगळवेढ्याच्या माणसाला सोलापूरच्या ईसीएचएस (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या) पॉलिक्लिनिकपर्यंत सोबत कोण देणार? ओळखीचीच माणसं लागतात.

होटगी रोड : सोबत द्यायला नोंदणी लागत नाही. दुसरा धोका व्याख्यानांचा. संघटना झाली की २६ जानेवारीला शाळा बोलावणार, हार घालणार, 'काहीतरी थरारक सांगा' म्हणणार. १९२३ चा शासकीय गुपितं कायदा, कलम ५, हा पदावर असलेल्यांना लागू आहे तसा पदावरून उतरलेल्यांनाही. गुप्तचर खात्यांतल्या निवृत्तांनी परवानगीशिवाय कामाची माहिती प्रसिद्ध करू नये, असं सांगणाऱ्या २०२१ च्या पेन्शन नियमाकडं काहीजण बोट दाखवतात. तो नागरी पेन्शनचा आहे, जवानांची पेन्शन वेगळ्या नियमांखाली येते. म्हणून मोकळीक मिळाली असं समजू नका.

शेंगाचटणी : नोंदणी नको तर पैशाचं काय करणार? एकाच्या खात्यावर वर्गणी गोळा झाली की वर्षभरात हिशेबावरून बोलाचाली. नोंदणी असली की पॅन निघतो, ठरावावर दोन सह्यांचं खातं उघडतं, ३१ मार्चला हिशेब बंद होतो, ऑडिट होतं. पदाधिकारी बदलले की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयाला चेंज रिपोर्ट (बदलाचा अहवाल) द्यायचा. तो राहिला तर बँक नव्या सह्या घेताना अडवते आणि पैसा असून काढता येत नाही, एवढं मात्र खरं.

कडक भाकरी : मग वर्गणीच घेऊ नका. पैशाचं काम आधीपासून नोंदलेल्या माजी सैनिक संघटनेच्या पावतीवर होऊ द्या. तुमचं फक्त मंडळ, बारा-पंधरा जणांचं. सभासदाचं डिस्चार्ज बुक बघायचं आणि परत द्यायचं, झेरॉक्स ठेवायची नाही. व्हॉट्सॲप ग्रुप केलात तर प्रत्येकाला सगळ्यांचे नंबर दिसतात, म्हणून ब्रॉडकास्ट लिस्ट करा. फक्त ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केला नाही त्याला निरोप जात नाही, तेवढं प्रत्येकाकडून करून घ्या.

बाराबंदी : आणि मंडळाचं नाव?

होटगी रोड : 'हुरडा पार्टी' ठेवा. सोलापुरात कुणी दुसऱ्यांदा विचारणार नाही.