मदत हवी आहे: १ एमबी ब्लॉकने इमेज बसते, पण ६४ एमबी रॅम पुरत नाही

नमस्कार मंडळी,

मी नाशिकचा. अंबडच्या एका छोट्या युनिटमध्ये आम्ही द्राक्षबागांसाठी गेटवे बनवतो. आर्द्रता आणि पानांवरचा ओलावा मोजून तो मोबाइलवर पाठवतो. बोर्डवर एकच आर्म कोअर, ६४ एमबी रॅम, १६ एमबी नॉर फ्लॅश (कायमची साठवण). इमेज (बोर्डवर टाकायची पूर्ण लिनक्स प्रणाली) योक्टो या साधनाने बनवलेली, रूट म्हणजे मुख्य फाइलसिस्टीम स्क्वॅशएफएस (दाबून ठेवलेली, फक्त वाचता येणारी), आणि रूटला जागा उरते १०.५ एमबी.

एक्सझेड (डेटा दाबायची पद्धत) आणि १२८ केबी ब्लॉक (एका वेळी दाबला जाणारा तुकडा) घेतला तर १०.९ एमबी होते, बसत नाही. झेडस्टँडर्ड या दुसऱ्या पद्धतीने ११.६. ब्लॉक १ एमबी केला की १०.१ मध्ये बसते. तीच इमेज दिंडोरीकडच्या दोन बागांत लावली आणि आता पायथन व एमक्यूटीटी (आकडे पाठवायचा प्रोटोकॉल) यांचे प्रोग्राम एकदम चालले की गेटवे अडकतो, मग वॉचडॉग (बोर्ड अडकलाय का यावर नजर ठेवणारा टायमर) रीस्टार्ट करतो. छाटणीनंतरच्या दिवसांत पहाटेचा ओलावा कळला नाही तर डावणीची (द्राक्षावरच्या बुरशीजन्य रोगाची) फवारणी चुकते. शेतकरी या आकड्यांवर विसंबून आहेत, म्हणून जीवाला घोर लागलाय.

माझा अंदाज: मेमरीचं ४ केबीचं एक पान (पेज) हवं असलं तरी अख्खा १ एमबीचा ब्लॉक उलगडावा लागतो. फ्रॅगमेंट कॅशेत (फाइलींचे उरलेले तुकडे उलगडून ठेवायची रॅममधली जागा) असे तीन ब्लॉक, वर एक्सझेडची डिक्शनरीही (उलगडताना लागणारी मेमरी) ब्लॉकएवढी. रॅम कमी पडली की कर्नल प्रोग्रामची पानं टाकून देतो आणि तोच ब्लॉक पुन्हा पुन्हा उलगडत बसतो.

पायथन न काढता ब्लॉक लहान करता येईल का?

प्रतिसाद १
अंदाज बरोबर आहे. बीसीजे फिल्टर (प्रोग्रामचा कोड जास्त दाबला जावा म्हणून आधी करायची प्रक्रिया) लावलाय का? तुमचा कोड थंबमध्ये (आर्मच्या आटोपशीर सूचनासंचात) बिल्ड होत असेल तर 'आर्म' फिल्टरचा फारसा उपयोग नाही, 'आर्मथंब' द्या. दोन्ही दिलेत तरी चालेल, एमकेस्क्वॅशएफएस (इमेज बनवणारा प्रोग्राम) दोन्ही करून बघतो आणि लहान निघेल ते ठेवतो. मात्र कर्नलमध्ये एक्सझेडचा त्या फिल्टरसाठीचा डिकोडर चालू हवा, नाहीतर रूट वाचताच येणार नाही.

धागाकर्ता
फिल्टर 'आर्म'च होता आणि बिल्ड थंबमध्ये! बदलल्यावर १२८ केबीला १०.४ एमबी. मनापासून आभार. आज रात्रभर बेंचवर दोन्ही प्रोग्राम एकत्र चालवतो, टिकलं तर उद्या दिंडोरीला जातो.